सोलापूरच्या चैत्रात दव कुठलं?

फेब्रुवारी संपत आला की सोलापुरातल्या हौशी छायाचित्रकारांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: आता पावसाळ्यापर्यंत इथं काढण्यासारखं काही नाही. कोणी श्रीनगरच्या ट्युलिप बागेची तिकिटं काढतं, कोणी लेन्स कपाटात ठेवून कासचं पठार फुलायची वाट बघतं. सोलापूरला दोनच ऋतू, उन्हाळा आणि कडक उन्हाळा, हे तर शाळकरी पोरंही म्हणतात. इतरांनी म्हटलं तर सोडून द्यावं. पण ज्यांच्या हातात कॅमेरा आहे, जे नवशिक्यांना शिकवतात, स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतात, त्यांनीच हे म्हणायला लागावं, याला लेखी उत्तर दिलं पाहिजे. हे मत चुकीचं आहेच. त्यातून या जिल्ह्याच्या वसंताचे खोटे फोटो निघतात, आणि खरा वसंत जिथं असतो ती जागा डोळ्यांदेखत जाते, म्हणून ते घातकही आहे.

आधी इथं काय फुलतं ते सांगतो. माघ सरताना तुळजापूरच्या रस्त्याला लागावं, किंवा बार्शीच्या पुढं बालाघाटच्या कडेनं येडशीच्या रामलिंगापर्यंत जावं. काटेसावर तोवर लाल होऊन गेलेली असते, पांगारा पेटायच्या बेतात असतो, आणि पळसावर एक पान नसतं. वाकड्यातिकड्या राखाडी फांद्या, त्यांवर जवळजवळ काळ्या मखमलीच्या कळ्या, आणि त्यांतून बाहेर आलेलं केशरी फूल. खाली भेगाळलेली काळी माती. शेताच्या कुंपणावर वाघाटीच्या काटेरी वेली पांढऱ्या फुलांनी भरतात. फूल शिळं होताना गुलाबी-जांभळं पडतं, त्यामुळं एकाच वेलीवर कालचं आणि आजचं फूल रंगावरून ओळखू येतं. याच वाघाटीची फळं आषाढात द्वादशीच्या पारण्यासाठी आपण घासाघीस करून विकत घेतो. तिचं फूल किती जणांनी बघितलंय? रस्त्याच्या कडेला रुई, तरवड, जमिनीला चिकटून भुईरिंगणीची जांभळी चांदणी. पुढं एप्रिलमध्ये करंज आणि बहावा. एवढं सगळं फुलत असताना ‘काही नाही’ म्हणायला डोळे दुसऱ्याच कुठल्यातरी वसंताने भरलेले असावे लागतात.

आणि कडुनिंब. सोलापुरात कडुनिंब नसलेली गल्ली शोधावी लागेल. पाडव्याच्या सुमाराला त्याच्या मोहोराचा गोड वास संध्याकाळनंतर अख्ख्या गल्लीत भरतो. मराठी घरात गुळाबरोबर कडुनिंब खाल्ला जातो, कानडी घरात बेवू-बेल्ला होतो, पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरी उगादीच्या पच्चडीत हीच फुलं पडतात. तीन भाषांचं गाव एकाच दिवशी एकाच झाडाचं फूल तोंडात घालतं, असं दुसरं फूल या शहराला नाही. तरी त्याचा नीट काढलेला फोटो शोधायला निघालात तर हात रिकामे राहतात. फूल पाच-सहा मिलिमीटरचं, पांढऱ्या नळीच्या तोंडाशी पिवळे परागकोश. मॅक्रो लेन्स लागते, आणि मार्चमधल्या वाऱ्यात डहाळी क्षणभरही स्थिर राहत नाही म्हणून शटर किमान पाचशेव्या भागावर न्यावं लागतं. अवघड आहे, मान्य. पण अवघड आहे म्हणून काढत नाही असं म्हणावं, फूलच नाही असं म्हणू नये.

या मताचं मूळ मला ज्या चित्रांनी आपला डोळा घडवला त्यांत दिसतं. दिनदर्शिकेवरची हिरवळ, सिनेमातलं काश्मीर, आणि गेल्या वीसेक वर्षांत कासचा गालिचा. वसंत म्हणजे हिरव्यावर रंग, हे समीकरण त्यांनी पक्कं केलं. कासचं पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि ते त्या मानाचं आहे. पण तिथला बहर पावसाळ्याच्या अखेरचा, जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीतला. त्याचा वसंताशी संबंध नाही आणि आपल्या काळ्या मातीशी तर नाहीच नाही. आपल्याकडचा वसंत पाण्याच्या जोरावर येत नाही. पाणी आटतं तेव्हा पळस पानं टाकतो, कारण पानं म्हणजे उडून जाणारं पाणी. पानं गेली की फूल दुरून दिसतं, आणि ज्या पाखरांनी परागकण न्यायचे त्यांना ते सापडतं. मैना, कोतवाल, शिंजीर येतात. हिवाळ्यात आपल्या ज्वारीवर उतरलेल्या भोरड्या मध्य आशियाकडं परत निघण्याआधी याच फुलांवर दिसतात, म्हणून त्यांना पळसमैनाही म्हणतात. पळसाच्या चपट्या शेंगा मे-जूनपर्यंत वाळतात, पावसाआधीच्या वाऱ्यावर उडतात आणि पहिल्या ओलीला मातीत असतात. सगळा क्रम कोरडेपणावर उभा आहे. उघडी फांदी, रखरखीत जमीन, पांढुरकं आकाश हे या फुलाचं कारण आहे. फोटोतून तेच काढून टाकलं तर पळस कशामुळं फुलला हे बघणाऱ्याला कळणार कुठून?

नेमकं हेच आपल्याकडं शिकवलं जातं. बॅकग्राउंड स्वच्छ हवी. वाळलेल्या काड्या मोडून टाका. काटा मध्ये येतोय, वाकवा. दुपारी कॅमेरा बाहेर काढू नका. मागचं सगळं लोण्यासारखं धूसर झालं की फोटो जमला. या शिकवणीतून निघालेला पळस सोलापूरचा आहे, झारखंडचा आहे की कुणाच्या कुंडीतला, हे सांगता येत नाही.

याला एक चांगला बचाव आहे, तो टाळून पुढं जाणं बरोबर नाही. कार्ल ब्लॉसफेल्टने बर्लिनमध्ये वर्षानुवर्षं कळ्या, कोंब, वेलींचे ताणे साध्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपले. 1928 साली त्यांचं पुस्तक निघालं आणि वनस्पतींच्या छायाचित्रणात ते आजही पायाचं मानलं जातं. मग साधी पार्श्वभूमी वाईट कशी? वाईट नाही. ब्लॉसफेल्ट कलाशाळेत शिकवत होते, नक्षीकाम शिकणाऱ्या मुलांना वनस्पतींची घडण दाखवायची होती, आणि त्यांच्या चित्राचा दावा तेवढाच होता. हा या कोंबाचा आकार आहे, बस. आपल्याकडच्या फोटोखाली मात्र लिहिलेलं असतं: ‘वसंत, सोलापूर’. जागा आणि ऋतू यांचं नाव घेतलं की जागा आणि ऋतू दाखवायची जबाबदारी येते. काळ्या कापडासमोर तोडून आणलेली पळसाची फांदी ठेवून त्याला सोलापूरचा वसंत म्हणणं ही ब्लॉसफेल्टची परंपरा नव्हे.

दवाची गोष्ट तर त्याहून गंभीर आहे. स्पर्धेत येणाऱ्या वसंताच्या फोटोंत एक प्रकार ठरलेला: गुलाब किंवा जास्वंद, मागं धूसर हिरवं, आणि पाकळीवर टपोरे थेंब. नाव दिलेलं, चैत्रातली सकाळ. सोलापूरच्या चैत्रात दव पडत नाही. दव पडायला हवेत ओल लागते आणि रात्री पान पुरेसं थंड व्हावं लागतं. इथं त्या दिवसांत हवा कोरडीठाक आणि रात्रही उबदार. ते थेंब फवारणीच्या बाटलीतले आहेत, आणि पाणी लगेच वाळतं म्हणून त्यात ग्लिसरीन मिसळलेलं असतं. ‘ही कला आहे, पंचनामा नव्हे,’ असं यावर ऐकवलं जातं. कला आहे हे मलाही मान्य आहे, आणि म्हणूनच राग येतो. ज्या गावात मार्च-एप्रिलमध्ये घराघरांत पिंपं भरून ठेवायची वेळ येते, त्या गावच्या चित्रात पाणी फुकट सांडलेलं दाखवायचं, आणि ते सुंदर म्हणून बक्षीस द्यायचं? असा फोटो बघणाऱ्या सोलापूरच्या पोराला आपल्या अंगणातलं फूल कमअस्सल वाटणार, कारण त्याच्या फुलावर थेंब कधीच नसतो.

दुपारच्या उजेडाबद्दलची भीतीही अशीच उसनी आहे. सकाळचा तासभर उजेड मऊ असतो हे खरं. मार्चअखेरीला साडेसहाच्या सुमाराला सूर्य वर येतो आणि आठनंतर ऊन कडक होतं. त्या तासात काढलेला पळस गोड दिसतो. पण बारा वाजता त्याच झाडाची पानाविनाची सावली काळ्या रानावर जाळ्यासारखी पसरते, तिच्यात गळालेली फुलं पडलेली असतात, आणि पाकळीतून ऊन आरपार येतं. हे सकाळी दिसत नाही. दुपारच्या फोटोत फूल जळून गेल्यासारखं येतं ही तक्रार खरी, पण त्याला ऊन एकटं जबाबदार नाही. कॅमेरा आकाश आणि जमीन धरून उजेडाची सरासरी काढतो, तेवढ्यात लाल रंग एकटाच काठोकाठ भरून वाहून जातो. पाकळीवरची लव, शिरा, सगळ्याचा एक सपाट केशरी डाग होतो. हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघावा, एक्सपोजर एक स्टॉप खाली आणावं, सावल्या काळ्या होऊ द्याव्यात. इथल्या दुपारी सावल्या काळ्याच असतात. मोबाइलवर काढणाऱ्यांनाही बोटाने उजेड कमी करता येतो, त्याला महागडी लेन्स लागत नाही.

बागेतल्या फुलांचं वेगळं काय सांगायचं? हुतात्मा बागेत किंवा सिद्धेश्वर तलावाच्या काठाला जाऊन गुलमोहर, बोगनवेल काढणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. गुलमोहर मादागास्करहून आला, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतून, म्हणून ती परकी धरायची हा हट्ट मला पटत नाही. मे महिन्यात या शहराला सावली आणि रंग त्यांनीच दिलाय. फक्त बोगनवेल काढताना एवढं बघावं की गुलाबी दिसतात ती रंगीत पानं आहेत, आणि फूल म्हणजे त्यांच्या मधोमधची छोटी पांढरट नळी. जवळून काढलेल्या बहुतेक फोटोंत फोकस भलतीकडं असतो आणि खरं फूल धूसर गेलेलं असतं.

रान आणि बाग यांच्यामध्ये आखलेली भिंत मात्र मला मान्य नाही. छायाचित्रणाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी एकत्र येऊन निसर्ग-छायाचित्राची एक समान व्याख्या केली आणि 2015 पासून ती लागू झाली. तिच्यात लागवडीची झाडं बसत नाहीत, आणि चित्रात माणसाची खूण शक्यतो नको. फसवेगिरी रोखायला नियम हवेत, चित्रात काही घालू नये आणि काढू नये हे त्यातलं कलम तर मी डोक्यावर घेईन. पण ही व्याख्या जशीच्या तशी आपल्या जिल्ह्यातल्या स्पर्धांना लावली की काय उरतं? आपला पळस बांधावर आहे, मागं नांगरट आणि विहिरीची मोटर. आपला कडुनिंब चाळीच्या दारात. वाघाटी कुंपणावर. माणसाची खूण नसलेला वसंत सोलापूर जिल्ह्यात हुडकत फिरायचं म्हटलं तर खरोखरच काही सापडणार नाही, आणि मग ‘इथं काही नाही’ हे वाक्य नियमानंच सिद्ध होतं.

या भिंतीमुळं सगळ्यांत मोठा अन्याय होतो तो डाळिंबाच्या फुलावर. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस या पट्ट्यात आंबे बहार धरलेल्या बागा जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात. त्या कशा फुलवल्या जातात ते जरा बघा. शेतकरी बागेचं पाणी तोडतो, ताण देतो. पानं पिवळी पडून गळतात, उरलेली गाळावी लागतात. छाटणी होते. बाग वाळून गेल्यासारखी दिसते. मग पहिलं पाणी सुटतं, आणि काही आठवड्यांत त्या काटक्यांवर लालभडक, मेणासारख्या जाड सालीच्या कळ्या येतात, त्यांतून कागदासारख्या चुरगळलेल्या पाकळ्या. पळसाला जे अवर्षण आपसूक मिळतं, तेच शेतकरी डाळिंबाला हिशेबानं देतो. या जिल्ह्याला फुलण्याचं मर्म इतकं कळलंय की त्यानं ते शेतीचं तंत्र केलं. याच पिकासाठी केगावला 2005 पासून राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आणि वसंताच्या फुलांच्या प्रदर्शनात त्याचा एक फोटो नसतो!

फोटो निघत नाहीत असं मात्र नाही. बहार धरलेला शेतकरी रोज सकाळी मोबाइल घेऊन झाडांमधून फिरतो. बुडाशी फुगीर, कलशासारखं फूल धरणार. घंटेसारखं निमुळतं आलं ते नर, ते गळणार. थ्रिप्सनं कळी खरवडली असेल तर तिचा फोटो काढून सल्लागाराला पाठवतो, देठ कुठून पिवळा पडला ते दाखवायला पुन्हा जवळून काढतो. फोकस चुकला तर फवारणी चुकते, आणि वर्षाचं उत्पन्न जातं. त्याच्याइतकं निकडीनं फुलाकडं बघणारा छायाचित्रकार मला दुसरा माहीत नाही. त्याच्या फोटोत उजेड बरा नसेल, चौकट वाकडी असेल. पण फूल, फांदी, काटा, ठिबकची नळी, माती, सगळं जागच्या जागी असतं. आपल्या कार्यशाळांनी त्याच्याकडून शिकायला हवं होतं. आपण त्याला छायाचित्रकारांत धरलंही नाही.

आता नुकसानीचं. रखरखीत म्हणजे रिकामं, ही समजूत फोटोपुरती राहत नाही. केंद्र सरकार देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह 2000 सालापासून काढतं, आणि झुडपी माळ, उघडा माळ हे त्यात पडीकच्या वर्गात पडतात. नान्नजचा माळ असाच वरवर ओसाड. तिथं 1979 साली माळढोकसाठी अभयारण्य झालं. काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल हे सगळं त्या गवतावर जगतं. तरीही या भागातल्या माळांवर हिरवाई आणायची म्हणून ग्लिरिसिडिया लावला गेला. मूळचा मध्य अमेरिकेतला, आपल्याकडं गिरिपुष्प आणि उंदीरमारी या नावांनी माहीत असलेला. झाडं वाढली की गवत मरतं, आणि उघड्या रानात लांबवर नजर ठेवून जगणाऱ्या पाखरांना ती जागा उपयोगाची राहत नाही. माळढोक आज नान्नजला दिसणं ही बातमी व्हावी इतकं विरळ झालंय. त्याला कारणं अनेक आहेत, पण गवताळ माळाला ‘काही नसलेली जागा’ समजणं हे त्यातलं एक नक्की आहे. आणि फेब्रुवारीत तो ग्लिरिसिडिया गुलाबी फुलला की आपलेच लोक त्याचे फोटो ‘सोलापूरचं चेरी ब्लॉसम’ म्हणून मोबाइलवर फिरवतात. जपानसारखं दिसलं म्हणून आनंद, आणि त्या झाडाखाली काय गेलं याची विचारपूस नाही. झाडाचा दोष नाही, फोटोही काढावा. पण खाली नाव खरं लिहावं, आणि ते झाड माळावर उभं असेल तर माळही चौकटीत घ्यावा.

माळाचा स्वतःचा बहर पावसाळ्यातला आहे, हे इथं स्पष्ट सांगायला हवं. चैत्रातला माळ गवताच्या पिवळ्या काड्यांचा असतो, फूल क्वचित. त्याच्यावर ओढूनताणून वसंत लादायची गरज नाही.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो. तुम्ही लोकांना बांधावर आणि माळावर फुलं काढायला बोलावताय. कासवर फोटोसाठी फुलांत लोळणारी गर्दी विसरलात का? नाही विसरलो. पळसाचं झाड रस्त्यावरून काढता येतं, कडुनिंब दारात आहे, डाळिंबाची बाग मालकाला विचारूनच बघायची असते. तिथं गर्दीनं बिघडण्यासारखं थोडं. माळाचं तसं नाही. टिटवी याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालायला लागते, आणि भुईरिंगणीच्या फुलासाठी पोटावर आडवा झालेला माणूस घरट्यापासून दोन हातांवर असू शकतो. त्याला ते दिसणारही नाही. म्हणून माळावर पायवाट सोडायची नाही, अभयारण्यात परवानगीशिवाय शिरायचं नाही, आणि जमिनीवरच्या दुर्मीळ फुलाची नेमकी जागा जगजाहीर करायची नाही. हे नियम मी मोठ्या आवाजात सांगायला तयार आहे. पण गर्दीच्या भीतीनं या रानाला अदृश्यच ठेवा, हा सल्ला मी घेणार नाही. कोणी न बघितलेल्या माळावर प्लॉट पडतात, सौर पट्ट्या उभ्या राहतात, आणि विचारायला कोणी येत नाही.

मारुती चितमपल्ली 1932 साली याच गावात जन्मले. आयुष्याचा मोठा काळ विदर्भाच्या जंगलांत काढून अखेरीला इथंच परतले आणि जून 2025 मध्ये इथंच गेले. रानातलं प्रत्येक झाड नावानिशी ओळखावं हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या गावच्या छायाचित्रकारांनी निदान पळस, पांगारा, काटेसावर एकमेकांपासून वेगळे ओळखून फोटोखाली लिहावेत, ही अपेक्षा जास्त नाही.

म्हणून शहरात पाडव्याच्या निमित्तानं फुलांच्या फोटोंची स्पर्धा भरवणाऱ्यांकडं माझी उघड मागणी आहे. फूल ज्या जागी उगवलं ती जागा चौकटीत दिसली पाहिजे, ही अट घाला. पाकळीवर थेंब असेल तर ते पाणी कुठून आलं ते अर्जात लिहून घ्या. लागवडीची फुलं वगळू नका, बांध आणि कुंपण वगळू नका, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलमधला फोटो तो छापून आणण्याच्या अटीविना स्वीकारा. परीक्षकांत सांगोल्याकडचा एक डाळिंब बागायतदार बसवा. कोणतं फूल धरणार आणि कोणतं गळणार हे त्याला चित्रावरून सांगता येतं. आणि जे चित्र बघून त्यालाही ते सांगता येणार नाही, ते कितीही देखणं असलं तरी पहिल्या फेरीतच बाजूला ठेवा.